कॉमर्स-एकचा फोल्डर

२००० नंतरच्या दशकात ज्यांनी ईमेल वापरलं, त्यांच्याकडे एक निरोप फिरत फिरत आलेला असणार. एका भारतीयाने म्हणे शोध लावला होता की कॉम्प्युटरवर 'कॉन' नावाचा फोल्डर कुठेच तयार करता येत नाही, आणि मायक्रोसॉफ्टच्या सगळ्या इंजिनिअरांना मिळूनही त्याचं कारण सांगता आलं नव्हतं. खाली आणखी दोन चमत्कार असत. नोटपॅडमध्ये बुश यांच्याबद्दलचं चार शब्दांचं एक इंग्रजी वाक्य साठवून पुन्हा उघडलं की त्याचे चौकोन होतात, आणि वर्डमध्ये एक सूत्र टाकलं की पानंच्या पानं आपोआप भरतात. पुढे कुणीतरी अशीही भर घातली की शाळेत बिल गेट्सना पोरं 'कॉन' म्हणून चिडवायची, म्हणून त्यांनी ते नावच बंद करून टाकलं. तिन्ही गोष्टी करून बघितल्या की तंतोतंत घडत. कारणं मात्र ज्याने त्याने मनची घातलेली.

माझ्या कामात हा चमत्कार अजून आडवा येतो. मी जोगेश्वरीत राहतो आणि एका कॉलेजच्या परीक्षा विभागात कारकून आहे. मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला पीआरएन असतो, पर्मनंट रजिस्ट्रेशन नंबर. पुण्यात असतो, कोल्हापुरात असतो, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातही असतो. तेव्हा महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसात 'पीआरएन' नावाचा फोल्डर करावासा वाटणारच. रोमन लिपीत नेमकं हेच नाव विंडोज घेत नाही. बरं, बी.कॉम.ला कॉमर्स हा विषय क्रमांकाने ओळखला जातो, कॉमर्स एकपासून कॉमर्स सहापर्यंत. रोमनमध्ये 'ईसीओ१' असा फोल्डर होतो, 'एसीसी१' होतो, 'सीओएम१' होत नाही. रेल्वे कन्सेशनच्या अर्जांसाठी कुणी नुसतं 'सीओएन', म्हणजे तोच कॉन, लिहिलं तर तेही नाही. विंडोज १०वर एक इंग्रजी पाटी येते, तिचा अर्थ असा की तुम्ही दिलेलं उपकरणाचं नाव अवैध आहे. उपकरण मागितलं होतं कुणी?

एका रविवारी घरी हा विषय मी काढला आणि त्यानंतर मला बोलायची फारशी संधी मिळाली नाही. माझा मेहुणा १९९०च्या दशकापासून काही वर्षं जोगेश्वरी स्टेशनच्या पूर्वेला, गुंफेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गाळ्यात डॉसचा क्लास चालवायचा. मजास, मेघवाडीतली मुलं कॉलेजच्या आधी सकाळच्या बॅचला यायची. आता तो दुकानांची बिलिंगची मशीनं आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सांभाळतो. माझी मुलगी, म्हणजे त्याची भाची, सीप्झमधल्या एका कंपनीत लिनक्सचे सर्व्हर बघते. दोघंही दिवसभर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून पोट भरतात, आणि एकमेकांचा काळा पडदा दोघांनाही खपत नाही.

भाची : बाबा, यादी ऐक. कॉन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल. मग कॉम एक ते नऊ, आणि एलपीटी एक ते नऊ. फाइलला चालत नाहीत, फोल्डरला चालत नाहीत, अक्षर मोठं असो की लहान. १, २, ३ हे आकडे घातांकासारखे वर चढवून लिहिलेस तरी नाव राखीवच. हा काय कारभार आहे?

मामा : कारभार नाही, करार आहे. कॉन म्हणजे कन्सोल, कीबोर्ड आणि पडदा मिळून. पीआरएन म्हणजे प्रिंटर. एयूएक्स म्हणजे जोडीला लावलेलं उपकरण, आमच्या वेळी मोडेम. एनयूएल, म्हणजेच नल, ही नको ते फेकायची जागा. माझ्या क्लासचा पहिला धडाच 'कॉपी कॉन' असायचा. कॉपी कॉन, पुढे फाइलचं नाव, एंटर. मग ओळी टाइप करत जायच्या आणि शेवटी कंट्रोल-झेड मारायचा. झाली फाइल तयार. आता तीच आज्ञा उलटी फिरव. फाइल कॉपी करून पीआरएनला दिली की प्रिंटर करकरायला लागायचा. छापण्यासाठी वेगळी आज्ञा मी कधी शिकवलीच नाही. कीबोर्ड ही फाइल, प्रिंटर ही फाइल, हे बारावी नापास पोराला सुद्धा पहिल्या तासाला कळायचं.

भाची : छान आहे, मान्य. पण मामा, ही कल्पना डॉसची नाही. युनिक्समध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून उपकरणं फायलींसारखीच दिसतात. फक्त तिथे त्यांना राहायला एक घर दिलंय, 'डेव्ह' नावाची डिरेक्टरी. नल हवा असेल तर /डेव्ह/नल असं लिही. बाकी अख्ख्या डिस्कवर तुझ्या फाइलचं नाव कॉन ठेव, पीआरएन ठेव, नल ठेव, कुणी विचारत नाही. नावात तिरकी रेघ नको आणि शून्य बाइट नको, बस्स.

मामा : अगं, घर द्यायला आधी डिरेक्टरी तर पाहिजे! डॉसच्या आधीच्या, गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डिरेक्टऱ्या नव्हत्याच. एक फ्लॉपी, तिच्यावर सगळ्या फायली एका रांगेत. त्यात कन्सोलला कॉन, छपाईला एलएसटी, कागदी फीत वाचायला आरडीआर, फीत पाडायला पीयूएन अशी नावं होती, आणि त्या प्रत्येकाच्या शेवटी विसर्गासारखी दोन टिंबं, कोलन. १९८० साली सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समध्ये टिम पॅटरसनने जे ८६-डॉस लिहिलं ते सीपी/एमच्या वळणावर. मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं आणि ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ते बाजारात आलं. त्यातही डिरेक्टरी नाही. एका फ्लॉपीवर माणूस फायली ठेवून ठेवून किती ठेवणार? त्यातली चार-सहा नावं राखून ठेवली तर कुणाचं काय बिघडलं?

भाची : मग कोलन कुठे गेला? दोन टिंबं सक्तीची असती तर आज बाबांचा फोल्डर झाला असता. टिंबं दिली तर प्रिंटर, नाही दिली तर फोल्डर. नवीन नियम कशाला?

हा तिचा मुद्दा मला बिनतोड वाटला होता. पण मेहुण्याने त्याचं जे उत्तर दिलं, ते माझ्या कानावर आधी कधी आलं नव्हतं.

मामा : तू इंजिनिअरिंगला ८०८६ची असेंब्ली केलीस ना, डॉसबॉक्समध्ये? मॅस्म हा असेंब्लर चालवल्यावर तो काय विचारायचा आठव. ऑब्जेक्ट फाइलचं नाव विचारायचा. मग लिस्टिंगचं, आणि चौकटी कंसात त्याने स्वतःच सुचवलेलं उत्तर काय असायचं?

भाची : ...नल डॉट एलएसटी.

मामा : आणि लिंकर?

भाची : नल डॉट मॅप.

मामा : मग! नुसतं एंटर मारलं की लिस्टिंग नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात. कागदावर हवी असेल तर नलच्या जागी पीआरएन लिहायचं. पण त्या काळातले प्रोग्राम आपण दिलेल्या नावाला आपलं शेपूट चिकटवायचे. तू पीआरएन लिहिलंस की ते उघडायला जाणार पीआरएन डॉट एलएसटी. तिथे 'ही तर साधी फाइल' म्हणून डॉसने फ्लॉपीवर लिहून टाकलं असतं तर छपाई झालीच नसती. म्हणून ठरलं की टिंबाच्या पुढचं काही बघायचंच नाही. कोलनही ऐच्छिक. प्रोग्राम लिहिणाऱ्याला काही कळायची गरज नाही, त्याला वाटतं आपण फाइल लिहितोय. हा माज नव्हता गं, सोय होती. ज्याने प्रिंटरचा विचारच केला नव्हता त्याचा प्रोग्रामही छापू शकायचा.

भाची : १९८१ साली सोय. पण मार्च १९८३ला डॉस २ आलं, डिरेक्टऱ्या आल्या. तेव्हा ही नावं उचलून एका डिरेक्टरीत ठेवायला काय हरकत होती? त्याऐवजी त्यांनी काय केलं, तर प्रत्येक डिरेक्टरीत, प्रत्येक डिस्कवर ती नावं पसरवली. लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा राखीव असतो ना, तो कुठे लागतो हे ठरलेलं असतं, फलाटावर खूण असते. तुझ्या डॉसने गाडीच्या दर डब्यात, दर बाकावर एक जागा राखून ठेवली, आणि तीसुद्धा त्या प्रवाशासाठी जो आता गाडीने येतच नाही.

मामा : प्रयत्न केला होता बरं त्यांनी. डॉस २मध्ये कॉन्फिग डॉट सिसच्या फाइलीत 'अव्हेलडेव्ह' अशी एक ओळ टाकता यायची, बरोबरच्या चिन्हापुढे 'फॉल्स'. ती टाकली की उपकरणं फक्त 'डेव्ह'खाली सापडायची, तुझ्या युनिक्ससारखी. पुढच्या आवृत्तीत ती ओळ गेली.

भाची : का गेली?

मामा : कारण ती टाकली की लोकांचे चालू प्रोग्राम बंद पडणार. दोन वर्षांत दुकानादुकानात मशीनं गेली होती. ज्या हिशेबाच्या प्रोग्रामने पीआरएन उघडायचं शिकून घेतलं होतं, त्याला कोण सांगणार की आता पत्ता बदलला? आणि मग लोकांनी त्या सगळीकडे पसरण्यातूनही उपयोग काढला. बॅच फाइलमध्ये एखादी डिरेक्टरी आहे की नाही हे बघायला डॉसमध्ये सरळ मार्ग नव्हता. मग विचारायचं, त्या डिरेक्टरीत नल आहे का? नल प्रत्येक डिरेक्टरीत असतोच. म्हणजे नल सापडला तर डिरेक्टरी आहे, नाही सापडला तर डिरेक्टरीच नाही. मी स्वतः अशा बॅच फायली दुकानांना लिहून दिल्यात.

इथे मी मध्ये पडून विचारलं की हे अडवतं कोण. काळा पडदा, म्हणजे शेल, की विंडोज, की डिस्क? मला वाटत होतं आपण आज्ञा शेलला देतो, तेव्हा नकारही तोच देत असणार. इथे मात्र दोघांचं एकमत निघालं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

डॉसमध्ये आज्ञा वाचणारा प्रोग्राम होता कमांड डॉट कॉम. त्याला कॉन आणि पीआरएन हे कळतच नसे. तो नाव जसंच्या तसं खाली डॉसच्या गाभ्याकडे देई. गाभ्यात ड्रायव्हरांची एक साखळी असे. प्रत्येक ड्रायव्हरच्या माथ्यावर आठ अक्षरांपर्यंतचं नाव, आणि कुठलीही फाइल उघडण्याआधी गाभा ही साखळी तपासणार. तिथे नाव सापडलं तर डिस्ककडे जाणारच नाही. साखळीत पहिला नेहमी नल. नवा ड्रायव्हर आला की तो नलच्या लगेच मागे बसतो, म्हणून अँसी डॉट सिस नावाचा ड्रायव्हर घातला की जुन्या कॉनच्या आधी त्याचाच कॉन सापडतो. याचा अर्थ यादी कधी बंद नव्हतीच. वाढीव मेमरीचा ड्रायव्हर 'ईएमएमएक्सएक्सएक्सएक्स०' असं नाव लावून बसे. तो असेपर्यंत त्या नावाची फाइल त्या मशीनवर अशक्य. सीडी-रॉमचा ड्रायव्हर ज्या नावाने नोंदवाल तेही गेलं. (असं नाव फाइलला कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे.)

विंडोजच्या एनटी घराण्यात, ज्यात एक्सपीपासून आजपर्यंतचं विंडोज येतं, डिस्कची मांडणी करणाऱ्या एनटीएफएसला कॉन या नावाचं काहीही वावडं नाही. शेलही निर्दोष. मधल्या थरात, जिथे आपण लिहिलेला मार्ग विंडोजच्या आतल्या मार्गात बदलतो, तिथे शेवटचं नाव या यादीशी ताडून पाहिलं जातं आणि जुळलं तर फाइलऐवजी उपकरणाचा पत्ता पुढे जातो. मार्गाच्या आधी \\?\ ही चार चिन्हं लावली की तो थर वगळला जातो.

भाची : थांब बाबा, दाखवतेच.

तिने माझ्या लॅपटॉपवर काळा पडदा उघडला, ती चार चिन्हं लावून डी ड्राइव्हवर पीआरएन नावाची डिरेक्टरी बनवायची आज्ञा दिली, आणि फोल्डर झाला. इतक्या वर्षांत मला न जमलेली गोष्ट. माझा चेहरा बघून मेहुणा गालात हसला.

मामा : आता तो पेन ड्राइव्हवर कॉपी करा, दाजी.

कॉपी करायला पेन ड्राइव्हवर तेच नाव बनवावं लागतं, आणि ते बनवणारा एक्सप्लोरर काही ती चार चिन्हं लावत नाही. नकार. मग निदान पुसून टाकू म्हटलं, तर पुसायलाही नकार. फोल्डर समोर दिसतोय आणि माझ्याने त्याचं काही होत नाही. शेवटी मुलीनेच पुन्हा चार चिन्हं लावून तो काढला.

मामा : म्हणून म्हणतो, दार बंद आहे तर बंद राहू दे. मागच्या खिडकीतून आत सोडलेला माणूस पुढच्या दाराने बाहेर काढता येत नाही.

भाची : दार बंद आहे हे तरी नीट सांगा ना! तुझ्या विंडोजवर मी तीन शेल उघडते. तिन्हीत एकच करते, एखाद्या आज्ञेचं उत्तर बाणाने नलकडे वळवते. बघ.

जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये काहीच झालं नाही, म्हणजे बरोबर झालं: उत्तर गिळलं गेलं. विंडोजबरोबर आलेल्या पॉवरशेलने लाल अक्षरांत तक्रार केली की मला फाइल उघडायला सांगितली आणि हे तर उपकरण निघालं. पॉवरशेलची रीत वेगळी आहे. त्याच्याकडे नल नावाचा स्वतःचा एक चल आहे, डॉलरचं चिन्ह लावून लिहायचा, आणि नको ते त्यात टाकायचं. तिसरा गिट बॅश, युनिक्सच्या वळणाचा. त्याने निमूटपणे 'नल' नावाची खरीखुरी फाइल डिस्कवर बनवली. माझ्या पीआरएनसारखीच तीही एक्सप्लोररमधून निघेना.

भाची : आमच्याकडे नवीन मुलं येतात, विंडोजची सवय घेऊन, आणि बॅशमध्ये नलकडे बाण मारतात. मग गिटला त्या फायली नोंदवायला सांगितल्या की तो नलपाशी अडतो, वाचायला गेलो तर मजकूरच मिळाला नाही म्हणतो, आणि सगळं काम थांबतं. एक नाव, तीन शेल, तीन अर्थ. आणि सर्वांत वाईट काय, सांगू? कमांड प्रॉम्प्टमध्ये गुणांची फाइल 'नल डॉट टीएक्सटी' या नावाने कॉपी कर. उत्तर येतं, एक फाइल कॉपी झाली. कुठे झाली? कुठेच नाही. खोटं बोलतो तो.

मामा : खोटं नाही, त्याच्या हिशेबाने झालीच की. नलने घेतली.

भाची : कारकुनाला सांग हे!

मेहुणा गप्प बसला, पण फार वेळ नाही. तिच्या घरात डोकावायची त्याची पाळी होती.

मामा : तुमच्या बॅशमध्ये /डेव्ह/टीसीपी आहे ना? त्यापुढे तिरकी रेघ देऊन मशीनचं नाव आणि पोर्टचा आकडा लिहिला की नेटवर्कची जोडणी उघडते. आता त्या डेव्हमध्ये जाऊन टीसीपी शोध. सापडतं?

भाची : नाही सापडत. ते बॅश स्वतः ओळखतो, बाणापुढे आलं तरच.

मामा : म्हणजे डिस्कवर नाही, गाभ्यात नाही, फक्त शेलच्या डोक्यात. दुसऱ्या शेलला तीच ओळ दिली तर तो म्हणणार अशी फाइल नाही. माझ्या डॉसने निदान सगळ्यांना एकच अर्थ सांगितला होता. आणि तुमच्याकडे नुसत्या आडव्या रेघेचं काय? फाइलचं नाव वजाच्या चिन्हाने सुरू झालं की आज्ञा त्याला फाइल समजत नाही, सूचना समजते. पुसायच्या आज्ञेला तारा दिला आणि डिरेक्टरीत उणे-आरएफ नावाची फाइल असली तर?

भाची : तर आतल्या डिरेक्टऱ्याही साफ. मान्य. पण तिथे मला वाट आहे. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ लावली की ती साधी फाइल होते. सगळ्या आज्ञांना, सगळ्या शेलमध्ये. तुझी चार चिन्हं एक्सप्लोररला कुठे लावू?

हा उपप्रश्न इथेच सोडतो. दोघंही त्यावर बराच वेळ बोलले आणि मला त्यातलं निम्मंच कळलं. एक मात्र लक्षात राहिलं. लिनक्सच्या गाभ्याच्या मूळ मजकुरात, एनव्हिडियाच्या कार्डांसाठी लिहिलेल्या नुव्हो या ड्रायव्हरमध्ये, 'एयूएक्स डॉट सी' नावाची एक फाइल आहे. ज्यांनी ती लिहिली त्यांना विंडोजशी काही देणंघेणं नव्हतं. पण विंडोजवर कुणी तो सगळा मजकूर उतरवून घ्यायला गेला की त्या एका फाइलशी अडखळतो. १९८०चा नियम पाळायचं ज्यांनी कधी कबूल केलं नव्हतं त्यांनाही तो लागू होतो, हा मुलीचा मुद्दा. आणि नियम सगळ्यांना ठाऊक असताना असं नाव मुळात ठेवावंच का, हा मेहुण्याचा.

मग गोष्ट २०००च्या मार्चवर आली. तेव्हा विंडोज ९५ आणि ९८वर सी ड्राइव्ह, पुढे कॉन आणि त्याच्या पुढे पुन्हा कॉन, असा मार्ग उघडायचा प्रयत्न केला की मशीन जागच्या जागी कोलमडायचं. टाइपही करावं लागत नव्हतं. वेबपानावर चित्राच्या पत्त्यात तो मार्ग लिहिलेला असला की पान उघडणाऱ्याचं मशीन गेलं. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात सूचना काढून दुरुस्ती दिली.

मामा : माझ्या क्लासला ती दुरुस्ती पोचायच्या आधी पोरं पोचली होती. शेजारच्याच्या मशीनवर हळूच टाइप करून बाजूला व्हायचे. निळा पडदा आला की सगळी बॅच हसायची.

भाची : आणि तू त्याच नियमाची बाजू घेतोस!

मामा : घेतो, कारण मी दुकानात जातो. ऐक. ओशिवऱ्याला फर्निचरवाल्यांकडे, इकडे पूर्वेला औषधवाल्यांकडे, फॉक्सप्रोत लिहिलेली बिलिंगं मी अजून बघतो. तो प्रोग्राम छापायला एलपीटी१ उघडतो, दुसरं काही त्याला येत नाही. आज मशीनला तो पंचवीस टाचण्यांचा पोर्टच नसतो, प्रिंटर यूएसबीवर. मग मी तो प्रिंटर शेअर करतो आणि 'नेट यूज' या आज्ञेने एलपीटी१ हे नाव त्याला बांधून देतो. प्रोग्रामला वाटतं आपण जुन्या पोर्टवर छापतोय. नाव राखीव राहिलं म्हणून हे जमतं. मधेच कुणी एलपीटी१ नावाची साधी फाइल करू दिली असती, तर दिवसभराची बिलं त्या फाइलीत जाऊन पडली असती आणि शेटजी कोऱ्या कागदाकडे बघत बसले असते.

भाची : हे खरं आहे. पण किती दिवस? डॉसचा प्रोग्राम चालवणारा भाग फक्त ३२ बिटांच्या विंडोजमध्ये असतो. ६४ बिटांत नाही. विंडोज ११ तर ३२ बिटांत मिळतच नाही. आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. ज्यांच्यासाठी तू नाव राखलंस ते प्रोग्राम चालवणारी खोलीच पाडली, आणि नावाची पाटी मात्र टांगून ठेवली.

मामा : फॉक्सप्रो गेला तरी बॅच फायली आहेत. नलकडे बाण मारणाऱ्या ओळी जगात किती असतील, मोजू शकशील? बारकोडची लेबलं अजून फाइल एलपीटी१ला कॉपी करूनच छापतात लोक, ६४ बिटांच्या मशीनवर.

भाची : म्हणून तर विंडोज ११ने नियम थोडा सैल केला. पूर्ण मार्ग देऊन 'कॉम१ डॉट टीएक्सटी' असं नाव दिलं तर ते आता उपकरण मानत नाही. शेपटाकडे बघायला लागले एकदाचे.

मामा : चाळीस वर्षांनी.

माझं मत कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. नाव राखून ठेवण्याबद्दल मी मेहुण्याच्या बाजूचा आहे. परीक्षा विभागात काम करणाऱ्या माणसाला जुनी नोंद मोडली की काय होतं हे सांगावं लागत नाही. पण मुलीचा राग ज्या गोष्टीवर आहे तिथे तिचंच खरं. कॉन नावाचा फोल्डर का होत नाही याचं कारण एका ओळीचं होतं आणि ते मायक्रोसॉफ्टमध्ये सगळ्यांना माहीत होतं. विकसकांसाठीच्या त्यांच्या कागदपत्रांत ही सगळी यादी छापलेली आहे. ते कारण ज्याला अडचण आली त्याच्या पडद्यावर मात्र कधी उमटलं नाही. एक्सपीत तर नाव लिहून एंटर मारलं की फोल्डर मुकाट पुन्हा 'न्यू फोल्डर' होऊन बसायचा, पाटीसुद्धा नाही. बिल गेट्सच्या शाळेतल्या टोपणनावाची कथा लोकांनी रचली ती या गप्प बसण्यामुळे.

राहिला माझा फोल्डर. मेहुण्याने सुचवलं, आपलं नाव देवनागरीत लिहा, दाजी. राखीव यादीला फक्त रोमन अक्षरं कळतात. केलं, आणि 'पीआरएन' असा देवनागरी फोल्डर विनातक्रार झाला. मुलीने लगेच काळ्या पडद्यावर त्याची यादी काढून दाखवली: त्या नावाच्या जागी चौकोन उमटले होते. तिच्या मते रोमन नावापुढेच साल जोडणं बरं, 'पीआरएन२०२५'. मधे टिंब द्यायचं नाही एवढं सांभाळायचं. यावर दोघांचं एकमत होतंय असं वाटेपर्यंत, विंडोजने पाटीवर नेमकं काय लिहायला हवं होतं यावर वाद सुरू झाला.

मामा : सोपं आहे. 'हे नाव प्रिंटरसाठी राखीव आहे. कृपया दुसरं नाव द्या.'

भाची : कुठला प्रिंटर? बाबांच्या मशीनला प्रिंटर लावलेलाच नाही.

मामा : बरं. 'पूर्वी प्रिंटर असे.'

भाची : आणि कॉम सातला काय लिहिशील? सात-सात सीरियल पोर्ट असलेलं मशीन तू तरी पाहिलंयस का?

मामा : पाहिलंय. जास्तीचं कार्ड घालून दिलं होतं एका ऑफिसला, टर्मिनलं जोडायला. अजून एखादं कार्ड माळ्यावर असेल माझ्या.

भाची : मग लिही, 'मामांच्या माळ्यावरील कार्डासाठी राखीव.'